बोचकं गाडीत, माणूस खाली

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि एके काळी माझ्या हातावर छडी चालवलेले माननीय दत्तप्रसाद सर, बाजारकुणंग ग्रामपंचायतीच्या अध्यक्षा सुशीलाताई, जीपमालक संघटनेचे सन्माननीय पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सगळे जोयड्याच्या या सभागृहात जमलो ते सत्कारमूर्ती नागूमामा, आणि वाड्यावाड्यांतून कामं टाकून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

सूत्रसंचालकांनी माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली आहे. तीवर लिहिलंय, दहा मिनिटं. मी आयुष्यभर वेळा पाळल्या, त्यामुळे प्रयत्न करतो. पण खरं सांगायचं तर मला आज कसलीच घाई नाही. माझी पिशवी सकाळपासून नागूमामांच्या जीपमध्ये पुढच्या शिटावर ठेवलेली आहे. याचा अर्थ इथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

माझी ओळख करून देताना ‘विमानतळ रेल्वेचे शिल्पकार’ वगैरे शब्द वापरले गेले. मी शिल्पकार नव्हे. मी बाजारकुणंगच्या वरच्या वाडीचा महाबळेश्वर. शिकलो, नोकरी लागली, आणि एका मोठ्या शहरात विमानतळापासून शहराच्या मध्यापर्यंत रेल्वे टाकायचं ठरलं तेव्हा तिचं वेळापत्रक करणाऱ्या चमूत मी होतो. शहराचं नाव घेत नाही. घेतलं की त्यावर खुलासे मागवले जातात, आणि मी तर आता निवृत्त माणूस.

अशी रेल्वे लागते कशाला, असा प्रश्न मला इथे बऱ्याच जणांनी विचारला. कारण साधं आहे. विमानतळ शहरापासून लांब बांधतात. माणूस हजार किलोमीटर दीड तासात उडून येतो आणि पुढच्या चाळीस किलोमीटरला मोटारीच्या रांगेत दोन तास बसतो. म्हणून जगभर विमानतळ आणि शहराचं पोट रुळांनी जोडतात. चांगली गोष्ट आहे. आजही कुणी विचारलं तर मी तिची बाजूच घेईन.

आमच्या वरिष्ठांना जाहिरातीत ‘पस्तीस मिनिटांत विमानतळ’ असं लिहायचं होतं. आमचा हिशेब येत होता पावणेअडतीस. रूळ तेवढेच, वळणं तेवढीच, वेग वाढवता येत नव्हता. उरलं काय? थांबे. मधे अकरा थांबे होते आणि प्रत्येक ठिकाणी दारं चाळीस सेकंद उघडी राहणार होती. मी ती पंचवीस केली. अकरा वेळा पंधरा सेकंद म्हणजे पावणेतीन मिनिटं. बरोबर पस्तीस. बैठकीत माझी पाठ थोपटली गेली, आणि मलाही आपण काही मोठं केलं असं वाटलं. ते वाटणं लपवण्यात अर्थ नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा नागूमामांच्या निरोपाला आलाय की स्वतःच्या सत्काराला? येतो, मामांकडेच येतो.

मामांनी एकतीस वर्षं बाजारकुणंग ते जोयडा जीप चालवली. तिच्या काचेवर वेळापत्रक कधी लागलं नाही, पण नियम एक होता. तुम्ही जोयड्यात आलात, तालुका कचेरीत काम आहे, औषधं घ्यायची आहेत, तर आधी जीपजवळ जायचं, शिटावर बोचकं ठेवायचं आणि मग गावात फिरायचं. छत्री चालते, कोयता चालतो, एकदा कुणी कोंबडीचा डालगा ठेवला होता. एकदा वस्तू ठेवली की माणूस ठेवल्यासारखाच. तो येईपर्यंत जीप हलत नाही. आणि चुकून हलली तर परत येते. सुपा धरणाचं पाणी दिसतं त्या वळणापर्यंत जाऊन, मागच्या शिटावर बोचकं एकटंच आहे हे आरशात पाहून, मामांनी जीप भरल्या माणसांसकट उलटी फिरवली आहे. त्या जीपमध्ये मी होतो. कुणीही तक्रार केली नाही.

बरोबर आहे, सर. एकाने केली होती. अध्यक्ष महोदय मानेने मला आठवण करून देताहेत, तर सांगतो. एका बाजारच्या दिवशी मामांनी दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत जीप थांबवून ठेवली, कारण एक बोचकं होतं आणि त्याचा धनी नव्हता. सर आत बसलेले. बाकीचे चहा पिऊन आले, परत चहा पिऊन आले. शेवटी कळलं की बोचक्याचा धनी पुतण्याच्या मोटारसायकलवरून केव्हाच घरी पोचला होता आणि जेवूनही मोकळा झाला होता. सर चिडले. मामा शांतपणे म्हणाले, “विसरला आसंल त्यो. पर त्यो येणार न्हाई, हे आमास्नी कुटं ठावं हुतं?”

माझ्या खात्याच्या दृष्टीने हा कारभार म्हणजे निव्वळ अनागोंदी, आणि सुट्टीत गावी आलो की मी मामांना तसं तोंडावर म्हणतही असे. मामा हसायचे आणि माझी बॅग वर टपावर बांधायचे.

आता जे सांगतो ते खरं म्हणजे या समारंभात सांगायचं नाही. पण ज्या व्यक्तीला सांगायला हवं ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि घरी दोघंच असताना माझ्याच्यानं ते सांगवत नाही. आज शंभर माणसं आहेत, म्हणून जमेल असं वाटतं.

माझी सुनयनाआत्या. वडिलांची सगळ्यांत धाकटी बहीण, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. तिची एकुलती एक मुलगी रक्षिता. जंगलातली वाट तुडवत शाळेला गेलेली ही मुलगी नर्स झाली आणि दोन वर्षांपूर्वी तिला जर्मनीतल्या एका इस्पितळात नोकरी लागली. आपल्या पंचायतीतून समुद्रापलीकडे नोकरीला गेलेली ती पहिली. तुम्ही तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या, याच सभागृहात.

तिला विमानात बसवायला आत्या निघाली. लोंढ्याहून रेल्वे, सकाळी शहर. मी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं, टॅक्सी करू नका, आमची रेल्वे घ्या, त्याच स्टेशनाच्या खाली थांबते, पस्तीस मिनिटांच्या आत विमानतळ. मी स्वतः गेलो नाही. त्या दिवशी आमच्या रेल्वेचा पहिला वर्धापन दिन होता आणि वक्तशीरपणावर माझं भाषण होतं.

गाडी आली. रक्षिता दोन मोठ्या बॅगा घेऊन चढली. आत्या चढली, तिने शिटावर बोचकं ठेवलं. बोचक्यात उकडलेले कणग्यांचे कंद, आमसुलं, आणि विमानतळाच्या दाराशी मुलीची ओटी भरायला नारळ आणि घरचे तांदूळ. तिचा फोनही त्यातच. बोचकं नीट बसलं हे पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं की पोरीची बाटली रिकामी आहे. फलाटावर दहा पावलांवर नळ होता. “बोचकं ठेवलंया, आलेच गं,” म्हणून ती उतरली.

पंचवीस सेकंद झाले.

आत्या भरलेली बाटली घेऊन वळली तेव्हा गाडी निघालेली होती. ती ओरडली नाही, धावली नाही. का धावेल? तिचं बोचकं गाडीत होतं. ती जिथून उतरली होती त्याच जागी उभी राहिली. वीस मिनिटांनी दुसरी गाडी आली. फलाटावरच्या कर्मचाऱ्याने तिला सांगितलं, आजी, हिच्यात बसा, हीसुद्धा विमानतळालाच जाते. ती म्हणाली, “ही आमची न्हवं. आमची बोचकं घिऊन गेलीया. येतीया परत.” अशा अकरा गाड्या तिने सोडल्या.

तिकडे रक्षिता विमानतळाच्या स्टेशनवर उभी. आई मागच्या गाडीने येईल म्हणून प्रत्येक गाडीचं प्रत्येक दार बघत होती. मला फोन करत होती. माझा फोन बंद होता, कारण मी व्यासपीठावर होतो आणि शंभरातल्या नव्व्याण्णव गाड्या वेळेवर सुटतात हे सांगत होतो. साडेदहा वाजता तिला आत जावंच लागलं. बारा वाजून दहा मिनिटांनी विमान सुटलं, वेळेवर.

मी आत्याच्या फलाटावर पोचलो सव्वाबाराला. आत्याच्या पदरात लिहून दिलेला माझा नंबर होता, त्यावरून त्या कर्मचाऱ्याने मला गाठलं. चार तास ती एका फरशीवर उभी होती. हातात बाटली तशीच भरलेली. विमानात ते पाणी नेऊ देत नाहीत, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने रडारड केली नाही. तिने एकच गोष्ट विचारली. “म्हाबळू, डायवरनं बोचकं बगितलं न्हाई व्हय?”

मी म्हटलं, त्या गाडीच्या चालकाला मागचं काही दिसत नाही. दारं मिटली एवढंच दिसतं.

“मग दारं मिटायला कुनी सांगितलं?”

मी म्हणालो, “कुणी नाही, आत्या. यंत्र असतं ते.”

थांबा, जरा पाणी पितो.

ही बाटली संपली. असो.

तर आत्या, ते खोटं होतं. यंत्राला आपलं आपण काही समजत नाही. त्याला पंचवीस सेकंद मी सांगितले होते. आधी चाळीस होते. पंधरा मी काढले, जाहिरातीसाठी. नळ दहा पावलांवर होता, तू दहा जाऊन दहा परत आलीस. चाळीस सेकंदांत तू चढली असतीस. हे मी नंतर त्याच फलाटावर एका रविवारी जाऊन स्वतः चालून मोजलं. तुझ्या चालीने चाललो. चढणं, उतरणं, बाटली भरणं, सगळं धरून चौतीस सेकंद लागले. दोन वर्षं मी हे पोटात ठेवलं, आणि दर वेळी तुझ्याकडे जेवून आलो. मला त्याची लाज वाटते.

रक्षिता बरी आहे. तिने नारळ जर्मनीत नेला. त्याचं पुढे काय केलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण जाताना आई तिला दिसली नाही, हे राहिलं ते राहिलंच.

माझ्या लक्षात येतं की मी विषय सोडून फार लांब आलो. परत येतो.

आजच्या फेरीनंतर मामा जीप चालवणार नाहीत. गुडघे ऐकत नाहीत, असं ते म्हणतात. उद्यापासून रामनगरचे महेश ही जीप चालवतील. संघटनेचं म्हणणं असं की नवा माणूस, तर नवी शिस्तही हवी, आणि गावात वेळापत्रकं करणारा एक माणूस आहेच, तर त्याच्याकडून वेळापत्रक घ्यावं. त्यांनी मला मागच्या महिन्यात पत्र पाठवलं. मागणी चुकीची नाही. मामांच्या थांबण्यामुळे माणसांच्या बेळगावच्या बस चुकल्या आहेत, पेशंट तासन्‌तास ताटकळले आहेत. ते सगळं मी मोजलं, मोजायची मला सवय आहे.

वेळापत्रक केलं आहे. हे माझ्या खिशात आहे, आज अध्यक्षांच्या हस्ते संघटनेला द्यायचं आहे. सकाळी गावातून सुटायची वेळ आहे, वाटेतले थांबे आहेत, पेशंट असेल तर कुणासाठीही न थांबता निघायचं, हेही लिहिलं आहे. फक्त जोयड्याहून परत सुटण्याच्या रकान्यात आकडा नाही. काल मामांच्या अंगणात बसून मी त्यांना विचारलं, तिथे काय लिहू? पंधरा मिनिटं? अर्धा तास?

मामा म्हणाले, “बोचक्याचा माणूस येईस्तवर, आसं ल्हिवा की.”

तसंच लिहिलं आहे. माझ्या खात्यात असं वेळापत्रक पुढे ठेवलं असतं तर मला रजेवर पाठवलं असतं. महेश, तुम्हाला हे अवघड जाईल. लोक तुम्हाला नावं ठेवतील, सर तर नक्कीच ठेवतील. तरी आरशात मागचं शीट बघत जा. एवढंच मागतो.

मामा, तुमच्या एकतीस वर्षांबद्दल आभार मानायला मी अपुरा माणूस आहे, आणि तुम्हाला आभार मानलेले आवडतही नाहीत. आयोजकांनी मला बोलावलं, अध्यक्षांनी दहाची वीस मिनिटं होऊ दिली, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, याबद्दल ऋणी आहे.

आत्या उठली आहे. कृपया तिला वाट द्या. नाही, बोलू नका, कुणी अडवू नका.

आत्या, इकडे वर कशाला?

तिने माझ्यापुढची रिकामी बाटली उचलली आहे. बाहेर नळाकडे चालली आहे.

भाषणात काही उणं-अधिक झालं असेल तर त्याची माफी मागून बसायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मी मागतो. आज भाषणाबाहेरचीही एक आहे, तीही त्यातच धरा.

मामा, एक शेवटचं. आत्याचं बोचकं माझ्या पिशवीशेजारीच आहे. ती पाणी भरून येईपर्यंत जीप चालू करू नका.

धन्यवाद.