एका पायाचा मोजा

(कनेरगाव नाक्याजवळचा तांडा, भर दुपार. निता आणि जिला ती याडी, म्हणजे आई, म्हणते ती सासू भिकाबाई नाताळच्या झाडाला टांगायचे बोटभर लोकरी मोजे शिवायला बसल्या होत्या. आता दोघी हरवलेली सुई शोधत जमिनीवर हात फिरवत आहेत. निताची नऊ महिन्यांची पोर झोळीत नुकतीच झोपली आहे.)

निता : उठू नका, याडी. बसल्या जागीच ओढणी झटका.

भिकाबाई : दोनदा झटकली. न्हाई तिच्यात.

निता : जाळीच्या कापडावर लोकरीचे टाके घालायची सुई असती तर मी एवढी भ्याले नसते. ती बोथट ऱ्हाते. ही मोज्याच्या पाठीचं कापड शिवायची हाय, बारीक. अन् पोरगी सकाळधरून हितंच रांगून राहिली होती.

भिकाबाई : तोंडात गेली असती तर लेकरू बोंबललं नसतं का?

निता : रडली की मगा. पाजायला घेतली तर तोंड लावलं न्हाई.

भिकाबाई : दात येऊन राहिले तिला. उगं वाईट नको आणू मनात. डब्यात पाहा ना पुन्हा.

निता : डबा पालथा केला. सतरंजी झाडली. मोजे एकेक करून चिमटीत दाबले, चाळीसचे चाळीस. आत कापसाबिगर काही न्हाई. मंग तिच्या गळ्यात बोट घालून पाहिलं, तिथंही काही लागलं न्हाई. खाली उतरली असंल तर कसं दिसंल मला?

भिकाबाई : सुईला काय पाय फुटतेत? सापडंल. बराबर सापडंल.

निता : ह्यांना फोन लावला मी. गाडी घेऊन येऊन राहिले. हिंगोलीला नेते, पोटाचा फोटो काढते.

भिकाबाई : माझ्या देविदासला बोलावलं?

निता : मंग काय करू? वाट पाहत बसू?

भिकाबाई : निता.

निता : काय?

भिकाबाई : मोजे चाळीस न्हाईत.

निता : आत्ता मोजले मी.

भिकाबाई : त्रेचाळीस हायत. तीन मी जास्तीचे केले.

निता : काहून? काम देणाऱ्या मिनाताईनं चारदा सांगितलं, नाताळवाले लोक झाडाला एकच मोजा टांगतेत. जोडी नको म्हणून.

भिकाबाई : सांगितलं तिनं. पण सणासुदीला कोणाच्या घरी एका पायाचा मोजा कसा धाडावा माणसानं? मला ते बरं वाटंना. ज्यांची नक्षी चांगली उतरली त्यांची जोडी करून टाकली. तुला न सांगता.

निता : ते जाऊ द्या. हायत कुठं?

भिकाबाई : दोन उतरंडीत. तिसऱ्याची पाठ शिवून राहिले होते, तर तू पाणी घेऊन आली. घाईघाईनं लपवला.

निता : कुठं?

भिकाबाई : झोळीत. गोधडीखाली.

निता : याडी, पोरगी झोळीत हाय.

भिकाबाई : व्हय.

निता : सुई त्यातच होती?

भिकाबाई : मला वाटलं, काढली. आता वाटते, न्हाई काढली.

निता : झोळी हलवू नका. हलली की ती कूस बदलते. दोरी धरा, दोन्ही हातांनी. घट्ट.

भिकाबाई : धरली.

निता : सरळ वर उचलते तिला. खाली घासू द्यायची न्हाई. धरा अजून. सोडू नका. आली. आली माझ्याकडं.

भिकाबाई : पाठ पाहा तिची. आधी पाठ पाहा.

निता : रगत न्हाई कुठं. ओरखडा न्हाई. तुमी गोधडी उचला. हळू.

भिकाबाई : हाय. मोज्याच्या टाचेत हाय. अर्धी बाहीर आली. दोरा पण तसाच हाय तिला.

निता : डब्यात टाका. झाकण लावा.

भिकाबाई : लावलं. देवानं राखलं बघ लेकराला.

निता : कवा आठवलं तुमाला?

भिकाबाई : चाळीस दाबून झाले, तवा.

निता : म्हणजे मी तिच्या गळ्यात बोट घालून राहिले होते, तवा तुमाला ठाऊक होतं.

भिकाबाई : पक्कं न्हाई. मनात आलं होतं.

निता : अन् तिला पुन्हा झोळीत टाकली, तवा?

भिकाबाई : भ्याले गं मी. नजर कमी झाली माझी, हे तुला कळलं की सुई काढून घेशील माझ्या हातातली. मंग दिवसभर नुसती बसू का भिंतीला टेकून? देविदास येऊन राहिला म्हणाली, तवा कुठं तोंड उघडलं माझं.

(निता पोरीला उराशी धरून पाठ फिरवते.)

भिकाबाई : उठली बघ ती. रडून राहिली. दे माझ्याकडं, मी घेते.

निता : राहू द्या. आज माझ्याकडंच राहू द्या.

भिकाबाई : बरं. उद्या देशील न्हवं?