माय साहेबापुढं उभी राहिली तवा

जयभीम. मामा, काका, मावश्यांनो, आजचा रोजगार बुडवून तुमी आलात. पार वालूरपासून माणसं आली. विहारात बसायला जागा न्हाई. आन् मला म्हणायलेत, "लेक हायेस, दोन शब्द बोल." काय बोलू? माय न्हाई, हेच अजून तोंडातून निघत न्हाई माझ्या.

माझी माय, सखूबाई. आख्ख्या गंगाखेडाशी भांडलेली बाई. हसू नका! तुमच्यातल्या कुणाला सोडलं व्हतं तिनं?

नामांतराच्या दंग्यात गावाकडं आमची घरं जळाली, तवा आमी हितं आलो. मी दुसरीत. लय भेदरलेली, वर्गात तोंडच उघडत नव्हते. आमच्याच वस्तीतली कमळीबी तशीच. मग एक साहेब आले, मंद लेकरं निवडायला. निवडलं की मतिमंदांच्या शाळेत, पार परभणीला, वसतिगृहात.

साहेबांनी एका बाईचं चित्र दाखवलं. "ह्यात काय कमी आहे, सांग." मी लय बघितलं. नाक हाय, डोळे हायेत, कान हायेत. म्हणलं, "काईच कमी न्हाई." कमळीनंबी तेच सांगितलं. साहेबांना पाहिजे व्हतं कुंकू! आता तुमीच सांगा, बौद्धाच्या घरची लेकरं आमी. आमच्या मायांच्या कपाळाला कुंकू कधी बघितलं व्हतं आमी?

आमी दोघी मंद ठरलो.

मायला निरोप गेला, चित्राचंबी कळलं. तशीच खुरपं टाकून शाळेत आली आन् साहेबापुढं उभी राहिली. "बघा साहेब, नीट बघा माझ्याकडं. काय कमी हाय माझ्यात?" साहेब खाली बघायले. म्हणले, "बाई, नियम असतो." माय म्हणली, "नियम तुमचा, लेक माझी. न्हाई पाठवत, जा!" माझं मनगट धरलं आन् वर्गात नेऊन बसवलं.

तो आवाज पाहिजे मला. शिव्या देऊ दे, पण तिचा आवाज पाहिजे. मी डी.एड. करायलेय. मला वर्गावर उभी बघायला ती पाहिजे व्हती. नामांतर बघायचंबी राहिलं तिचं.

पण मायच्या जिवाला लागलं व्हतं येगळंच. कमळीचे मायबाप त्या दिवशी ऊसतोडीवर व्हते. तिच्यासाठी भांडायला कुणीच न्हाई. कमळीला नेलं. तिचे मायबापबी पुन्हा ह्या वस्तीत फिरकले न्हाईत. परभणीहून कुणी आलं की माय विचारायची, "आमची कमळी दिसली का हो?" आन् रडायची. "मी तुझंच मनगट धरलं गं. माझा दुसरा हात रिकामाच व्हता."

मावश्यांनो, कमळी कुठं भेटली तर तिला सांगा, सखूबाई गेली. आन् सांगा, घर उघडं हाय, मी वाट बघायलेय.

आता उभं राहू. जरा येळ गप राहू, मायसाठी. माय, तुला जयभीम.