पक्का पिवळा

बायको : पिशवी चादरीखाली का लपवलीत?

रंगारी : लपवली कुठे? पाय हलला, गेली आत.

बायको : दाखवा बघू. अहो, काल नळीतून कसं नितळ पित्त येत होतं! आज गढूळ झालंय.

रंगारी : इथे उजेड कमी आहे गं.

बायको : जन्म गेला तुमचा सूत रंगवण्यात. टाकीतला रंग नासलेला दारातून ओळखता, आणि मला उजेडाचं सांगता? थंडी वाजतेय ना?

रंगारी : हळू बोल. डॉक्टरबाईंनी ऐकलं तर उद्याचं ऑपरेशन गेलं. गाठ राहील आतच.

बायको : दात वाजतायत तुमचे. ते काय त्यांना ऐकू येणार नाहीत?

(डॉक्टर आत येते आणि त्याच्या कपाळावर हात ठेवते.)

डॉक्टर : काका, ताप कधीपासून आहे?

रंगारी : ताप कसला? पांघरूण जाड आहे.

बायको : पहाटेपासून. आणि ती पिशवी बघा.

रंगारी : झालं! घरचाच भेदी.

डॉक्टर : बरं झालं सांगितलंत, काकू. काका, उद्या ऑपरेशन नाही करता येणार.

रंगारी : पण बाई, तुंबलेलं पित्त तुम्ही नळीने बाहेर काढलंत. मग जंतू परत आले कुठून?

डॉक्टर : तुमच्याच आतड्यातून. तिथे ते सगळ्यांच्याच असतात. पित्त खाली उतरलं की त्यांना वाढू देत नाही, आतड्याचं अस्तरही धड राहतं. तुमचं पित्त गाठीने अडवलं. आताही ते पिशवीत जातंय, आतड्यात नाही. अस्तर विरलंय, जंतू रक्तात झिरपतायत.

बायको : आणि शरीर काय करतं? बघत बसतं?

डॉक्टर : एरवी लिव्हरमधल्या पेशी त्यांना पकडून संपवतात. पण इतके दिवस पित्त तुंबलं, त्यात त्याच थकल्या. रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर आहेत, पण त्यांच्याकडून काम होत नाहीये.

रंगारी : आमच्या कारखान्यासारखंच. हजेरीला सगळे, कामाला कुणी नाही.

डॉक्टर : काका, एक विचारू? कावीळ इतकी चढेपर्यंत कुणालाच कशी दिसली नाही?

रंगारी : पिवळ्या सुताची मोठी ऑर्डर होती. कोपरापर्यंत हात टाकीत. अंगाला खाज सुटली, म्हटलं रंगाची असेल. डोळे तर वाफेने कायमच खराब.

बायको : कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. आमचं जगच पिवळं होतं, म्हणून कावीळ दिसली नाही. मी रोज ह्यांचे हात घासायची, बाई. काथ्याने. रंग निघेना तसा जोर लावायची. वर बोलायची, कसला एवढा पक्का रंग आणलाय मेल्यांनी!

रंगारी : मीही हसायचो. मालाला नाव ठेवू नकोस म्हणायचो.

बायको : आता नवं औषध देणार ना?

डॉक्टर : देते. पण आधीची दोन्ही चालू असतानाच ताप परत आलाय. अंगातूनच साथ मिळत नाहीये.

बायको : हेही नाही लागलं तर?

डॉक्टर : तुमची मुलगी परगावी असते ना, काकू? तिला आजच बोलावून घ्या.

बायको : आजच?

डॉक्टर : हो. मी इंजेक्शन पाठवते.

रंगारी : गेल्या का बाई?

बायको : गेल्या.

रंगारी : रडू नकोस. नाहीतर रड, मी कोण अडवणार? पण पोरगी यायच्या आत एक काम कर. हात धुऊन दे माझे. लहानपणी ती ह्या हातांना भ्यायची, आठवतं? रंगाच्या हातांनी जवळ घेतलं की रडायची.

बायको : थांबा, पाणी आणते. साबण आहे घरून आणलेल्या थैलीत.

रंगारी : काथ्या नको.

बायको : नाही हो. नुसत्या हातानेच धुते. असं चालेल? दुखत नाही ना?

रंगारी : नाही. सावकाश धू. आता कुठे कामावर जायचंय.