मुक्या गाडीचे घुंगरू

आमचं मूळ गाव भडगाव. वडील सुतार, दमण्या करायचे, म्हणजे बैलांच्या हलक्या सवारीगाड्या. मी शिकून धुळ्यात मास्तर झालो आणि थोरला भाऊ, आमचा नाना, तिथल्याच जिनिंगात डायनामोवर लागला. तिथं त्याच्या डोक्यात विजेची मोटार शिरली. काय सांगू तुम्हाला, वडिलांच्याच दमणीखाली त्यानं मोटर बसवली, बाकाखाली तेजाबाच्या बॅटऱ्या ठेवल्या, आणि गाडी चालली की हो! लगेच पाटी रंगवली, विजेच्या गाड्यांचा कारखाना. मी म्हटलं, गाडी एक आणि कारखाना कसला? म्हणाला, मास्तर, तुझ्या शाळेत तरी कितीक शहाणे निघाले?

गाडीला आवाज नाही याचाच त्याला अभिमान. साधा भोंगासुद्धा लावला नाही.

पोळ्याच्या दिवशी गिऱ्हाइकाला गाडी दाखवायला आम्ही शेजारच्या खेड्यात गेलो. वेशीपाशी सजवलेले बैल उभे, सगळ्यांत मागे दगा पाटलाचा. आमची गाडी त्याच्या पाठीशी जाऊन टेकेपर्यंत त्याला कळलं नाही. मग असा दचकून उलटला, की शिंग बाकाखाली घुसलं, बॅटरी फुटली आणि तेजाब त्याच्या डोळ्यांत गेलं. आंधळा झालेला बैल गर्दीत शिरला, दगाच्या धाकट्या भावाची मांडी फाडली, वेशीवर डोकं आपटत राहिला. आदल्या संध्याकाळी ज्या हातांनी दगानं त्याचे खांदे लोण्याहळदीनं मळले होते, त्याच हातांनी कुऱ्हाड घातली. पोळ्याच्या दिवशी, हो.

नंतर सगळे नानावर तुटून पडले. जुवाच्या शिवळांनी, त्या लाकडी खुंट्यांनी, मारत होते. दगाचा घाव उजव्या मनगटावर बसला, हाड बाहेर आलं. कुणी गाडी पेटवायला पेंढी आणली तर नाना रांगत जाऊन गाडीवर पालथा पडला. मी मध्ये गेलो, माझे दात गेले. शेवटी दगाच ओरडला, बस करा, मरी जाई तो.

दवाखान्यात फौजदारानं विचारलं, कोणी मारलं? नाना म्हणाला, पडनू. मी चिडलो, तर म्हणाला, दगानं सोताचा बैल मारला, मी अजून जिवंत शे.

हात काही सुधारला नाही. एके दिवशी दारात दगा उभा, हातात मेल्या बैलाची घुंगुरमाळ. म्हणाला, नाना, तुना हात मी मोडा. आते हाई बांध गाडीले, मुकाट येवानं नही. नाना हसला, दगाभाऊ, एक गाडी तुलेच इकसू, गिऱ्हाईक तूच. नको रे बा, दगा म्हणाला, आणि दोघंही रडायला लागले.

डाव्या हातानं नानानं आणखी दोन गाड्या केल्या, दोन्हींना घुंगरं. मग लढाई आली, बॅटऱ्यांना शिसं मिळेना, पाटी उतरली. या आषाढात नाना गेला. तिरडीला उजवीकडून खांदा दगानं दिला, कुणाला देऊ दिला नाही.

पहिली गाडी पडवीत उभी आहे. मांजर बाकावर उडी मारतं, माळ वाजते, आणि मी नि वहिनी वाटेतून बाजूला होतो.