सांगतलं होतं ना तुले

अर्पिता : बाहेरच हाय ना मॅडम. नाक पुढं, गाल पुढं. माणसाचं तोंड असते तसंच.

नीरजा : नक्की? घाई नाही. हवं तर एक डोळा मिटून बघा.

अर्पिता : मिटला तरी तेच. आता त माह्याकडंच पाहून राह्यलं ते.

सागर : ताई, खोल हाय ते.

अर्पिता : तू गप बस बरं. तुह्यी तपासणी झाली ना मघाशी? आता त्या मले विचारून राह्यल्या.

नीरजा : असू दे, तुमचं उत्तर मिळालं मला. आता उठा आणि त्या चेहऱ्याला हात लावून बघा. समोरूनच. हां, तिथंच, नाकावर.

अर्पिता : अवं माय! हात आतमधीच गेला!

सागर : मंग? म्हणलं नव्हतं?

नीरजा : साधा प्लास्टिकचा मुखवटा आहे. मागची बाजू तुमच्याकडे फिरवली होती, आतून पोकळ. तरी तुम्हाला तो बाहेर आलेला दिसला. मलाही तसाच दिसतो, रोज हाताळते तरी. चेहरा म्हटला की नाक पुढं, हे आपल्या मेंदूनं एकदा धरून ठेवलेलं असतं. मग डोळे काहीही सांगोत, तो आपलंच खरं करतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत ही ढवळाढवळ कमी होते. सागर एकदाही फसला नाही.

अर्पिता : म्हणजे याचं बरोबर आन आमचं चूक?

नीरजा : या एका बाबतीत, हो. पण म्हणून आजार नाही असं समजू नका हं. गोळ्या चालूच ठेवायच्या.

सागर : ताई, मॅडमले साच्याचं सांगू?

अर्पिता : काही नको सांगू. त्यायले दुसरे कामं हायेत.

नीरजा : नाही, सांग की. कसला साचा?

सागर : आमचे आबा महालक्ष्म्यांचे मुखवटे बनवत. ते गेले आन त्यायचा साचा राह्यला, प्लास्टरचा. मुखवटा त्याच्यात पाडतात ना, म्हणून तो आतून खोल असते. आबानं हौसेनं त्याच्यात डोळे रंगवले होते, नथ बी काढली होती. ते गेल्यावर आईनं तो देवघराच्या भिंतीले लावला.

अर्पिता : आन लोक म्हणायले लागले, देवी वळून पाहते. तुम्ही इकडून गेल्या त इकडं पाहीन, तिकडून गेल्या त तिकडं. शेजारची झुंबरबाई त पहिल्यांदा पाहून रडलीच. आमचं अर्धं गाव, देऊळघाट, नारळ घेऊन येऊन गेलं मॅडम.

सागर : वळत नाही ती. खोल हाय म्हणून तुमाले तसं वाटते. मी सांगून राह्यलो होतो, पण कोणी ऐके ना. म्हणून आतमधी मूठ घालून दाखवली.

नीरजा : मग?

सागर : मंग आईनं मारलं. बाकीच्यायनं धरलं आन मागच्या खोलीत कोंडलं. पोरानं देवीच्या तोंडात हात घातला, म्हणे.

अर्पिता : गेल्या साली, भर महालक्ष्म्यांत मॅडम! घरात सवाष्णी जेवून राह्यल्या आन हा असा.

नीरजा : तुम्हाला ठाऊक होतं का, तो साचा आहे ते?

अर्पिता : माह्या आबाचा साचा, मले नाही ठाऊक असणार? लहानपणी मीच त्याले आतून तेल लावून देत होती, मुखवटा चिकटू नाही म्हणून.

नीरजा : मग त्या वेळी बोलला नाहीत काही?

अर्पिता : बोलणार होती. पण सारे हात जोडून उभे. आई त्याले मारून राह्यली. आन खरं सांगू, मलेबी ती वळतानाच दिसे! म्हणलं, असन बाप्पा काही. आता हा तुमचा मुखवटा पाह्यला तवा कळलं, ती काऊन वळे.

सागर : ताई, बिस्कुटं आणले होते ना तू?

अर्पिता : पिशवीत हायेत. थांब, मी देते काढून. अरे, तू नको उघडू, सागर!

सागर : याच्यात माह्यं पांघरूण काऊन हाय?

अर्पिता : असंच.

सागर : टॉवेल बी हाय. गोळ्यायचा डब्बा बी. आपण त दुपारी वापस चाललो ना?

अर्पिता : सांगतलं होतं ना तुले काल. महालक्ष्म्या होईपर्यंत तुले त्या पुनर्वसन केंद्रात राहायचं हाय, देऊळगाव राजाच्या रस्त्यावरच्या. जेवताना सांगतलं. तू हाव म्हणला.

सागर : मले आठवत नाही.

अर्पिता : विसरला असशीन. तुह्यं नेहमीचंच हाय.

सागर : हाव. विसरलो असन.

नीरजा : सागर, एक काम करशील? खाली कँटीनमध्ये चहा सांगून येशील आपल्या तिघांसाठी? बिस्किटं खात खात जा.

(सागर पुडा घेऊन बाहेर जातो. पिशवी उघडीच राहते.)

नीरजा : आता थोडं तुमच्याशी. स्मरणशक्तीचा भाग राहिलाय. चित्रं दाखवून घेतात ती चाचणी त्याची सकाळी झाली. बरीच चित्रं विसरला तो. पण जे आठवत नाही ते सरळ आठवत नाही म्हणतो, ठोकून देत नाही. रोजच्या व्यवहारातलं मात्र घरच्यांनाच विचारावं लागतं. सांगितलेलं विसरतो का?

अर्पिता : लय.

नीरजा : आत्ताचं मी धरते मग. काल सांगितलं, तो हो म्हणाला, आणि आज त्यातलं काहीच नाही. हे जरा जास्तच आहे. त्याच्या डॉक्टरांना कळवते, गोळी बदलायची का ते बघतील.

अर्पिता : गोळी? गोळी काऊन बदलायची?

नीरजा : घडलेला अख्खा प्रसंग पुसला जात असेल, तर बघायला नको?

अर्पिता : नाही मॅडम. थांबा. हे नका धरू.

नीरजा : का?

अर्पिता : काल मी त्याले काही सांगतलंच नाही.

नीरजा : म्हणजे?

अर्पिता : आमच्या धाकट्या बहिणीचं, डिंपलचं लग्न झालं या उन्हाळ्यात. तिच्या सासरचे पहिल्यांदाच महालक्ष्म्याले जेवाले येऊन राह्यले. आई म्हणे, या पोरानं त्यायच्यासमोर पुन्हा हात घातला त पोरीले जन्मभर ऐकावं लागन. याले खरं सांगतलं असतं त हा घरून निघालाच नसता. म्हणून म्हणलं, बुलडाण्याले दवाखान्यात जाऊ, दुपारी वापस येऊ.

नीरजा : आणि आधी जे म्हणालात, लय विसरतो, ते?

अर्पिता : विसरते ना. नळ चालू ठेवते, गोळी घेतली का नाही ते विसरते. ते खोटं नाही. पण काही अडलं की आम्ही सारेच म्हणतो, सांगतलं होतं ना तुले. तो लगेच मान खाली घालते. भांडण नाही, काही नाही. लय सोपं जाते मॅडम, घरातल्या माणसाले असं गप करणं.

नीरजा : मग त्यातलं खरं कुठलं आणि तुम्ही म्हटलेलं कुठलं?

अर्पिता : आता मलेच आठवत नाही. लाज वाटून राह्यली हो मले.

नीरजा : अर्पिताताई, मग तुमची उत्तरं मला घेता येणार नाहीत. रागानं नाही म्हणत. आपण त्याला विसरभोळा म्हणायचं आणि त्यातला निम्मा विसर आपणच घातलेला, हे बरोबर नाही ना.

अर्पिता : रागानं म्हणलं असतं त बरं वाटलं असतं.

सागर : (परत येत) चहा येऊन राह्यला. मॅडम, तुमचा बिनसाखरेचा सांगतला. सकाळी तुम्ही त्या नर्सबाईले म्हणत होत्या, साखर नको.

नीरजा : बरं लक्षात ठेवलंस रे.

अर्पिता : सागर, इकडं ये. बस माह्याजवळ. काल मी तुले काही सांगतलं नव्हतं.

सागर : सांगतलं असन ताई. मीच विसरलो असन.

अर्पिता : नाही रे बाप्पा, नाही! तू विसरला नाही. मी खोटं बोलली तुह्याशी.

सागर : म्हणजे ते झालंच नव्हतं, म्हणून मले आठवत नाही?

अर्पिता : हाव.

सागर : आन डिंपलच्या लग्नाचं?

अर्पिता : त्याचं काय?

सागर : मी धामणगावले मामाच्या इथं होतो तवा. तू आन आई म्हणल्या, लग्नाले तूच नाही येत म्हणला. तुले विचारलं होतं, म्हणे, तू विसरला. ते?

अर्पिता : तू नाही म्हणलाच नव्हता. तुले कोणी विचारलंच नव्हतं.

सागर : असं व्हय. मी लय सोचलो त्याच्यावर. रोज सोचो. आपली लहान बहीण, आपण तिच्या लग्नाले नाही काऊन म्हणलो असन? मले वाटे, आपल्या मनातच तिच्याबद्दल काही वाईट हाय, फक्त आपल्याले माहीत नाही. डिंपल घरी आली की मी ढोरायच्या वाड्यात जाऊन बसो, त्याच्यानं.

अर्पिता : अरे, मले वाटे तू रुसून तिकडं जातं. मले काय माहीत तू असं मनाले लावून घेतलं. मार मले, शिव्या दे.

सागर : मारू काऊन? मले बरं वाटून राह्यलं. मी नाही म्हणलोच नव्हतो ना.

नीरजा : मी चहाचं बघून येते.

अर्पिता : नका जाऊ मॅडम, बसा. उठ सागर. चाल, घरी जाऊ. नाही जायचं त्या केंद्रात.

सागर : पाहुणे येणार हायेत ना.

अर्पिता : येऊ दे. तू बी बसजो पंगतीले, डिंपलच्या बाजूले.

सागर : मी साच्याले हात नाही लावणार.

अर्पिता : तू नको लावू. मी लावीन. साऱ्यायच्या समोर लावीन आन सांगीन, आबाचा साचा हाय म्हणून.

सागर : आई मारन तुले.

अर्पिता : मारू दे. माह्यी पाळी हाय आता.

सागर : पण आज घरी गेल्या गेल्या ती इचारन ना, याले वापस काऊन आणलं म्हणून. काय सांगशीन?

अर्पिता : काय सांगू? मले त काहीच सुचत नाही रे.

सागर : तिले सांग, साचा खोल हाय हे सागर विसरला, आता हात नाही घालणार. मी विसरलो म्हणलं की घरात कोणीबी मानते.