गुरुवारचा वर्ग

स्मृतिभ्रंशाच्या दवाखान्यात नवऱ्याचा हात धरून बसलेल्या शिवणवाल्या काकूंच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं पडत होतं.

“सासूबाई जन्मभर शाळेत शिकवत होत्या. आता रोज माझी हजेरी घेतात.”

“मग?”

“‘हजर बाई’ म्हणायचं आणि बसायचं. उठलं की ओरडतात. आज अंघोळसुद्धा मधल्या सुट्टीत उरकली.”

“आमचे बाबा सारखे दाराकडे पळतात. हा दवाखाना सोडला तर महिनाभरात मी कुठे गेले नाही.”

“मग गुरुवारी वर्गात आणून सोडा त्यांना. तुम्ही मोकळ्या, आणि एक विद्यार्थी वाढला की मलाही उठता येईल.”

“पण बाबा खोडकर आहेत हं.”

“सासूबाईंनी भलेभले सरळ केलेत.”

काकूंनी नवऱ्याची कॉलर नीट केली.

“ताई, आमचे हे शांत बसतात. प्रवेश मिळेल?”