उतारावरची सायकल

— नाही सर, असं अंगनात उभी करून, सीटवर हात दाबून काही समजत नाही. दाबलं की बसते, सोडलं की उठते — थे त दुकानात बी होते. तुमी माह्या जुन्या सायकलचा व्हिडिओ पाहून फोन केलता ना, का राजदीप, ही आमच्या कंपनीची नवी सायकल पंधरा दिवस गोट्यावर चालव, उड्या मार, तोडता आली त तोड, अन मंग खरं सांग? त खरं सांगतो. बसा, त्या खाटेवर बसा. फक्त आवाज जरा कमी ठेवा, ताई आत झोपली हाय. झोपली म्हनजे — पडली हाय.

चढापासून सुरू करू. आमच्या मागचा हा टेकडा, याच्या वरती माळ हाय, चांगली सपाट जमीन, वावरं हायत लोकाईची. गाडीरस्ता हाय, पन थो सारा टेकडा फिरून जाते, अन यंदा पावसानं जागोजागी फुटला. म्हनून मी बकऱ्याच्या वाटेनं चढो. तर चढावर तुमची सायकल आळशी हाय, सर, राग मानू नका. पायडल मारलं की मागचा शॉक खाली बसते, आपली अर्धी ताकद थोच गिळून टाकते. थे निळं खटकं हाय ना, थे दाबून शॉक बंद केला का ठीक. पन वजन! दोनदा त मी खांद्यावर घेतली. उकंडाभाऊजी वरून पाहून हासे — म्हने, काहून रे, सायकल तुले नेऊन राह्यली का तू सायकलीले? — उकंडाभाऊजी म्हनजे माहा जवाई. दीपाताईचा नवरा. थे वरती सदाशिवरावच्या वावरात फवारनीले जात. होते. जात होते.

तर उतार. उताराचं विचारा. उतारावर — कसं सांगू तुमाले — उतारावर हिच्यासारखी गोष्ट मी जिंदगीत पाह्यली नाही. माही जुनी सायकल हाडं खिळखिळी करे, संध्याकाळी हातात चहाचा कप धरवे नाही. ही गोटा आला का पुढचा फोर्क गिळते, मागचं चाक मुळीवर चढून गुपचूप उतरते, अन आपन मधात बसलो हाव जसं कोनी तळहातावर धरून नेऊन राह्यलं. सीट बोटानं खाली जाते, म्हनजे आपल्याले मागं सरकता येते. ब्रेकले एक बोट पुरते. मधात एक कडा हाय, कमरेइतका, तिथून पहिल्यांदा उडी मारली त मी डोळे मिटले होते. उतरलो तवा उघडले. काहीच नाही झालं! भाऊजी वरून पाहत होते, म्हने, राजदीप, कापूस निघाला का मले बी एक डाव बसव याच्यावर. मी म्हनलं, तुमचं पोट आधी कमी करा. पोट कुठचं होतं त्याईले.

काय? व्हिडिओ? हेल्मेटवरचा कॅमेरा — हो, सांगतो ना. त्या दिवसाचंच सांगून राह्यलो.

यंदा कापसाची पऱ्हाटी पाह्यली का तुमी येतानी? डोक्याच्या वर गेली सर, मानूस आत गेला का दिसत नाही. अन बोंडात अळी. म्हनून सारे जन फवारूनच राह्यले, दोन-दोन औषधं मिसळून. एवढ्या उंच झाडावर फवारायचं म्हनजे नळी वर धरा लागते, अन थे सारं आपल्याच तोंडावर पडते. भाऊजी तोंडाले दुपट्टा बांधत. ऊन असं, दुपट्टा घामानं ओला, औषधानं ओला. ताई पानी आनून देत होती पंपासाठी. मी कड्यापाशी होतो, कॅमेरा लावून, तुमच्यासाठी चांगली उडी घ्यायची म्हनून. तर ताईची हाक आली. हाक नाही — वरडनं. मी गेलो त भाऊजी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसले, उलटी झालेली, तोंडातून लाळ, थांबतच नाही लाळ. डोळ्याच्या बाहुल्या तिळाएवढ्या. मले म्हनतात, राजदीप, तू काहून अंधुक दिसून राह्यला रे? दंडाचं मास आपोआप उडून राह्यलं होतं, असं, कातडीखाली कोनी चालून राह्यलं जसं. आमी कपडे काढले त्याईचे, अंगावर पानी टाकलं. माळावर टावर नाही. सदाशिवराव बाजाराले गेलते, कोनाची गाडी नाही वर. ताई म्हने, जा ना रे, जा ना, गाडी घेऊन ये, जा ना. एवढंच म्हनत होती. जा ना.

मंग मी गेलो.

आता तुमी विचारता ना, जोरात चालवली त कशी हाय? तसा मी आधी कधीच नव्हतो उतरलो. ब्रेकले हात नाही. बकऱ्याच्या वाटेले पाच वळनं हायत, मी तीन वळनं सोडून सरळ दगडातून घातली. सागाची पानं ओली, चाक घसरे, मंग आपनच धरून घे. फोर्क एकडाव पार तळाले लागला, खन्नकन आवाज आला, मले वाटलं मोडला — नाही मोडला. कड्यावरून त मी अशी सोडली तिले, सर, जमीन कुठं गेली समजलंच नाही, कानात हवा, अन मंग मऊ, एकदम मऊ खाली आलो, अन माह्या तोंडातून — थो आवाज निघाला.

हो. तोच.

तुमी आयकला? कसा काय? — अच्छा, मी कॅमेरा दुकानदाराजोळ देल्ला, त्यानं तुमाले पाठवला. बरं. मंग तुमाले ठाऊकच हाय. तुमाले काय वाटलं, भेवाचा हाय? नाही ना वाटलं. कोनालेच नाही वाटनार. हासलो मी, सर. वरती ताई त्याईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, अन मी आनंदानं वरडलो. तवा मले भाऊजी आठवलेच नाही. कड्यापासून नाल्यापर्यंत कोनीच नव्हतं आठवत, फक्त ही सायकल अन उतार. असं असते का मानसाचं? — नाही, तुमी कायले सांगसान. तुमी सायकलीचं विचारायले आले.

त घ्या सायकलीचं. नाला पार केला अन खाली वावर लागलं. आदल्या दिवशी पाऊस झालता. काळी माती चाकाले धरली, चाकावरून फ्रेमीत गेली, मागच्या फटीत गच्च भरली, अन चाक जागेवर थांबलं. फिरेच ना. बोटानं काढली, काडीनं काढली, चार पावलं गेलो का परत गच्च. तिथं फट कमी हाय सर, थे लिहा, थे जरूर लिहा तुमी. गोट्यासाठी बनवली, आमच्या मातीसाठी नाही बनवली. मंग फेकली पऱ्हाटीत अन पयत सुटलो, एक चप्पल तिथंच राह्यली.

गावच्या दवाखान्यात गेलो त ॲम्ब्युलन्स नव्हती. दुसरा एक फवारनीवाला घेऊन यवतमाळले निघाली होती, नर्सबाई म्हने, आत्ताच गेली, धूळ बी खाली नसन बसली. मी फुलचंदची काळीपिवळी थांबवली, त्यानं बसलेल्या सवाऱ्या उतरवून देल्ल्या, बिचाऱ्यानं. पन थो फिरून जायचा रस्ता! ताईनं त्याईले धुऱ्यावरून खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत आनलं होतं, एकटीनं. गाडीत भाऊजीचं डोकं परत ताईच्या मांडीवर. ताई बोलत होती, पोरीचं नाव घेऊन बोलत होती, का सुरभी वाट पाहून राह्यली, सुरभीले काय सांगू. पांढरकवड्याच्या मोठ्या दवाखान्याच्या अलीकडं फुलचंदनं गाडी हळू केली. मी म्हनलं, काहून हळू केली रे? त्यानं आरशात पाह्यलं होतं. माह्याआधी त्याले समजलं.

डाक्टर म्हनले, पोट्ट्या, ॲम्ब्युलन्स भेटली असती तरी सांगता नाही येत, अंगात लय मुरलं होतं. चांगल्यासाठीच म्हनले असतीन. पन मी रोज त्या वावरात जाऊन उभा राहतो. मातीत किती वेळ गेला आपला? अन मंग दुसरंच मनात येते — माती नसती त बरं झालं असतं का, का मी नुसता अजून थोडा वेळ हासलो असतो?

ताईले थे नाही ठाऊक. तिनं परवा मले जेवाले वाढलं, म्हने, माह्या भावानं जीव तोडला त्या दिवशी. मी ताट तसंच ठेवून उठलो.

नाही सर. थो आवाज जाहिरातीत नाही टाकायचा. दुसरा कोनता बी घ्या, पहिल्या दिवसाचा घ्या, डोळे मिटले होते थो घ्या. तुमी म्हनता लोकाईले तोच आवडन — हो, आवडन ना, म्हनून तर म्हनतो. गावात साऱ्याईजोळ मोबाईल हाय. सुरभी मोठी होऊन पाहीन. पुसा थो. माह्यासमोर पुसा. — पुसला? दाखवा.

हं.

आता काय? — ठेवून घे? कायमची? कंपनी देऊन राह्यली, इनाम म्हनून?

नाही. नाही सर, घेऊन जा. अशी पाहू नका माह्याकडं, मी नखरे नाही करून राह्यलो. तिकडून धरा, मी चाक उचलतो, टाका गाडीत. दोरी बांधा. दोरी घट्ट बांधा अन निघा लवकर, ताई उठायच्या आधी. राह्यली त मी चालवीन ना. उद्याच चालवीन.

जा तुमी.